हाड मोडले खरे, पण कसे?

खानदेशच्या नकाशावर नजर टाकली की दोन मोठे रस्ते डोळ्यांत भरतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जाणारा आणि दुसरा सुरतेहून जळगाववरून नागपूरकडे धावणारा. हे दोन्ही धुळ्यापाशी एकमेकांना छेदतात. पूर्वी या वाटांवरून कापसाच्या बैलगाड्या जात. आज रावेर-यावलच्या केळीचे ट्रक, खचाखच भरलेल्या काळीपिवळ्या जीपा आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या फटफट्या जातात. या रस्त्यांनी व्यापार आणला, सुबत्ता आणली, आणि त्यांच्याच जोडीने मोडलेले गुडघेही आणले. बैलगाडीच्या दिवसांत माणूस पडे तो आंब्याच्या झाडावरून नाही तर कडब्याच्या गंजीवरून. मोटारीच्या पुढच्या पट्टीची उंची मात्र नेमकी माणसाच्या गुडघ्याला भिडणारी! १९२९ साली अमेरिकेतील बोस्टनच्या कॉटन आणि बर्ग या दोन डॉक्टरांनी या दुखापतीला मोटारीच्या त्या भागाचेच नाव देऊन टाकले.

असा गुडघा घेऊन रुग्ण इस्पितळात येतो. एक्सरे निघतो, हाड मोडल्याचे दिसते, आणि मग डॉक्टर म्हणतात, "आता सीटी स्कॅन करून आणा." नातेवाईक एकमेकांकडे पाहतात. घरचा कर्ता माणूस हिशेब करू लागतो. हाड मोडले हे तर दिसलेच. मग हा दुसरा, महागडा फोटो कशासाठी? प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर थोडे मागे जायला हवे.

गुडघा म्हणजे मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके, त्यांच्याखाली नडगीच्या हाडाचा सपाट माथा, आणि पुढून झाकण घालणारी वाटी. नडगीचा हा माथा म्हणजे जणू घरातला पाट. शरीराचा सारा भार त्यावर टेकतो. मांडीचे किंवा नडगीचे हाड मधोमध मोडले आणि थोडे वाकडे जुळले तरी माणूस एक वेळ निभावून नेतो. परंतु या पाटाचा एखादा भाग खचला, तर वरचे हाड त्या खळग्यात घसरत राहते, कूर्चा झिजते आणि चांगला धडधाकट माणूस काही वर्षांत काठी धरतो. म्हणून येथे मोड जुळणे पुरेसे नाही. पाट पुन्हा सपाट व्हावा लागतो.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नाही. सुश्रुताने मोडलेल्या हाडांचे बारा आणि निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार सांगितले आहेत. गुडघा हे त्याच्या लेखी मर्मस्थान. तेथे इजा झाली तर लंगडेपणा येतो, असे त्याने स्पष्ट नोंदवले आहे. हाडाचा चुरा झाला की नाही, हे तो हात लावून, आवाज ऐकून ओळखायला सांगतो, आणि सांध्यातला मोड बरा होणे कठीण असेही बजावतो. पायाचे हाड मोडलेल्याला फळीवर निजवून ठेवण्याची त्याची रीत तर आजही शहाणपणाची वाटावी अशी आहे. बोटे हेच त्या काळचे डोळे होते. पुढे गावोगावच्या हाडवैद्यांचे सारे कसबही बोटांतच होते. सरळ मोड त्यांच्या हाताने पुष्कळ बसले. परंतु कातडीखाली दोन बोटे आत खचलेला पाट कोणाच्या बोटांना लागणार?

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्ट्‌सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना ते अज्ञात किरण सापडले. डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे छायाचित्र घेतले. बोटांची हाडे आणि त्यांपैकी एकावर अंगठी! पेटंट त्यांनी घेतले नाही, म्हणून हे साधन वाऱ्यासारखे जगभर पसरले. दोनच वर्षांत, १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेत, सर्जन-मेजर बीव्हर यांनी हे यंत्र हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या डोंगरांत नेले आणि सैनिकांच्या अंगातल्या गोळ्या शोधल्या.

लष्कराला मिळालेली सोय रयतेला लाभायला मात्र वेळ लागतो. १९०६ साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. जळगाव पूर्वेचे ठाणे, धुळे पश्चिमेचे. ठाणी झाली, कचेऱ्या झाल्या, पण अवघड दुखापतीसाठी मोठे इस्पितळ म्हणजे मुंबईच. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. धुळेकराला तर आधी फाट्याच्या गाडीने चाळीसगाव गाठावे लागे. मोडलेला गुडघा घेऊन एवढा प्रवास करायचा म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आणि तेथे पोहोचूनही फार काही हाती लागे असे नाही. एक्सरेत मोड दिसे. उपाय मात्र बहुधा प्लॅस्टर, किंवा वजन लावून पाय ताणून ठेवणे. कित्येक आठवडे जखडलेला गुडघा पुढे वाकेनासा होई. चित्र होते, पण त्या चित्राबरहुकूम आत जाऊन काही करण्याचे धाडस आणि साधन, दोन्ही तोकडी होती. माझ्या मते या इतिहासातली ही खरी मेख आहे. पाहण्याची विद्या एकटी पुढे जात नाही; हाताला काही करता येऊ लागले म्हणजेच डोळा अधिक चोखंदळ होतो.

तो पालट १९५८ नंतर झाला. त्या वर्षी स्वित्झर्लंडमधील काही शल्यवैद्यांनी एक मंडळ स्थापले आणि सांध्यातला मोड उघडून, तुकडे जागच्या जागी बसवून, पट्ट्या व स्क्रूंनी घट्ट करावा आणि सांधा लवकर हलवावा, असा आग्रह धरला. खचलेला तुकडा खालून अलगद उचलायचा, खालच्या पोकळीत रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा कीस भरायचा आणि बाजूने पट्टी ठोकायची. घराची खचलेली फरशी गवंडी बसवतो, तशीच ही रीत. १९७९ साली टोरांटोच्या जोसेफ शाट्झकर यांनी आपल्या अनुभवावरून नडगीच्या माथ्याच्या मोडांचे सहा प्रकार पाडले. बाहेरची कड चिरलेली, चिरून खचलेली, नुसती खचलेली, आतली बाजू मोडलेली, दोन्ही बाजू मोडलेल्या, आणि सारा माथाच नळीपासून सुटलेला. आजही धुळ्या-जळगावच्या डॉक्टरांच्या तोंडी हेच आकडे असतात.

आता एक्सरेची उणीव ध्यानात येईल. एक्सरे ही सावली आहे. गुडघ्याची सारी जाडी त्या एका पत्र्यावर दाबून सपाट होते; पुढचा तुकडा मागच्यावर पडतो आणि दोन्ही एकच भासतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच देह ठेवला. एका कागदाच्या साक्षीवर इतिहास उभा करू नये, ही शिस्त या गावाला नवी नाही. म्हणूनच एक्सरे निदान समोरून आणि बाजूने असे दोन काढतात. बाजूच्या चित्रात कधी कधी एक मौजेची खूण मिळते. मोड सांध्यात उतरला असेल तर हाडातल्या मज्जेची चरबी झिरपून साचलेल्या रक्तावर तरंगते, दुधावर साय यावी तशी, आणि दोहोंमधली आडवी रेघ चित्रात उमटते. मोड दिसला नाही तरी ही साय चोराचा माग सांगते.

पण माग म्हणजे चोर नव्हे. त्यासाठी सीटी आली. तिचे जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड ज्या ईएमआय कंपनीत होते, तीच भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याच्या चित्राची गाण्याची तबकडी काढणारी! १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका इस्पितळात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे छेदचित्र निघाले. ते अवघे ८० गुणिले ८० चौकटींचे होते. किरणांची नळी भोवती फिरते, असंख्य मोजमापे घेते आणि संगणक त्यांतून भाकरीचे पदर सोडवावेत तसे शरीराचे पदर सुटे करतो. १९७९ चे नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळाले. आधी डोके, मग सारे शरीर, आणि यथावकाश गुडघाही या यंत्राखाली आला.

या चित्राने शस्त्रक्रियेत नेमके काय बदलते? सांगतो. रुग्णाला उताणे निजवायचे की पालथे, हे! माथ्याचा मागचा कोपरा तुटला असेल तर पुढून कितीही सुंदर पट्टी बसवली तरी तो तुकडा धरला जात नाही. त्याला गाठायचे तर पोटरीच्या बाजूने, मोठी रक्तवाहिनी आणि मज्जातंतू सांभाळत जावे लागते. हे टेबलावर कातडी उघडल्यावर कळून उपयोग काय? २०१० साली शांघायच्या लुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीच्या आडव्या छेदावरून माथ्याचे तीन खांब मानले. एक बाहेरचा, एक आतला आणि एक मागचा. जो खांब पडला, त्या बाजूने जायचे. मांडीच्या टोकाचेही तसेच. तेथील गोलाचा मागचा भाग उभा तुटतो. जर्मन शल्यवैद्य होफा यांचे नाव त्या मोडाला आहे. साध्या एक्सरेत तो हुलकावणी देतो. अमेरिकेतल्या २००५ च्या एका पाहणीत मांडीच्या खालच्या टोकाच्या, सांध्यात उतरलेल्या मोडांपैकी १०० तील ३८ मध्ये असा तुकडा आढळला होता. एमआरआयचे काम निराळे. अस्थिबंध आणि गादी फाटली का, हे ती दाखवते. प्रत्येक मोडाला तिची गरज नसते.

सीटीचेही वेड लागू नये. हाडाची कड नुसती चिरली आहे, तुकडा हललेला नाही, अशा साध्या मोडात चांगले दोन एक्सरे पुरतात. आणि काही गोष्टी कोणत्याच चित्राची वाट पाहत नाहीत. पाऊल थंड पडले, नाडी लागेना, पोटरी दगडासारखी टणक झाली, तर धावपळ आधी आणि चित्र मागून; गुडघ्यामागची रक्तवाहिनी दबली असेल तर काही तासांतच पाय गमावण्याची वेळ येते. फार सुजलेल्या गुडघ्याला तर लगेच चिरतही नाहीत. बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावून पाय ताणून ठेवतात. ताणामुळे तुकडे थोडे आपापल्या जागी येतात, आणि मग काढलेले छेदचित्र कितीतरी स्पष्ट निघते. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्या की शस्त्रक्रिया. मधले आठ-दहा दिवस नातेवाइकांना वाया गेलेले वाटतात. ते तसे नसतात.

मुंबईची वारी आता पुष्कळांची चुकली आहे. धुळ्याला भाऊसाहेब हिरे यांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून तसेच महाविद्यालय आहे, आणि सीटीची यंत्रे दोन्ही शहरांत आहेत. परंतु १९९८ साली धुळ्यातून निघालेल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावचा माणूस सातपुड्याचे घाट उतरून येतो, तेव्हा ते अंतर त्याच्या लेखी अजून फारसे घटलेले नसते. अशा वेळी गुडघा सरळ करण्याची झटापट न करता, आहे त्या स्थितीत फळीला बांधून आणणे, पावलाचा रंग पाहत राहणे आणि काढलेला एक्सरे न विसरता सोबत ठेवणे, एवढे घरच्यांच्या हाती असते.

शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडचा रुग्ण चालता येईल का, हे आधी विचारत नाही. शेतकरी विचारतो, "निंदायला बसता येईल का?" आणि घरची बाई विचारते, "मांडी घालून भाकरी थापता येईल का?" त्यासाठी गुडघा सुमारे १२० अंशांपलीकडे वाकावा लागतो. डॉक्टर त्या वेळी पुन्हा छेदचित्र उजेडासमोर धरतात, पाट किती खचला होता आणि किती वर आला हे पाहतात, आणि मग बोलतात.