मेण, कापूस आणि संगीत : इअरप्लगचा छोटा इतिहास

आजचा विषय जरा वेगळा आहे. इअरप्लग. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने कानात घालायच्या बोळ्यांवर व्याख्यान द्यावं, याचं काहींना नवल वाटेल. पण डोळा आणि कान यांत एक मूलभूत फरक आहे आणि आमचा विषय तिथूनच सुरू होतो. डोळ्याला पापणी आहे, कानाला नाही. नको ते पाहायचं नसेल तर आपण डोळे मिटतो. नको ते ऐकायचं नसेल तर कानावर हात ठेवावे लागतात. आणि हात कामात गुंतलेले असतील तर? माणसाने कानासाठी जी पापणी घडवली, तिचा हा इतिहास. तो ऐकताना एक प्रश्न आपण सोबत ठेवू : ही पापणी कुणाला मिळाली आणि कुणाला नाही?

सुरुवात होमरच्या ‘ओडिसी’पासून करू. सायरन या गाणाऱ्या मायाविनींच्या बेटाजवळून जाताना ओडिसियस आपल्या खलाशांच्या कानांत मेण भरतो आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतो. खलाशी वाचतात, पण त्यांना गाणं मिळत नाही. धन्याला गाणं मिळतं, पण तो हलू शकत नाही. म्हणजे दोनच पर्याय : कान बंद करा आणि संगीत गमवा, किंवा संगीत ऐका आणि त्याची किंमत मोजा. तिसरा मार्ग सापडायला विसावं शतक संपत यावं लागलं.

मधल्या काळात गोंगाटाचा प्रश्न संगीताचा नव्हता, पोटाचा होता. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. तो १७०० साली निघाला आणि १७१३ साली वाढवला गेला. त्यात व्हेनिसच्या तांबटांचं वर्णन येतं. दिवसभर तांबं ठोकून ठोकून त्यांचे कान जातात आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं तो नोंदवतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत ज्यांनी एकदा तरी पाऊल टाकलंय, त्यांना हे समजावून सांगायला नको. शेकडो हातोड्यांचा तो ठोका आळीत शिरण्याआधीच कानावर येई. आपण त्या घागरी, बंब पिढ्यान् पिढ्या वापरले. त्या घडवताना कुणाचे कान गेले, हा हिशेब काही आपण ठेवला नाही.

मग गिरण्या आल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवच्या कापड गिरणीसाठी कंपनी काढली आणि पुढच्या शंभर वर्षांत मुंबईचा गिरणगाव उभा राहिला. गिरणीतलं सगळ्यात कठोर आवाजाचं खातं म्हणजे साचेखातं. शेकडो साचे, म्हणजे माग, एकाच छपराखाली धडधडत. लँकेशरच्या विणकर बायकांनी तर ओठांच्या हालचालींवर बोलण्याची एक भाषाच तयार केली होती. आपल्याकडे खुणा होत्या, कानाशी तोंड नेऊन ओरडणं होतं. कापसाच्या गिरणीत कापसाला काय तोटा? कानात एक बोळा कोंबला की झालं, असं वाटतं. पण सुका कापूस सच्छिद्र असतो. तो आवाजाला जेमतेम अडवतो, आणि ‘काहीतरी घातलंय’ हे खोटं समाधान मात्र देतो. आजही ढोल-ताशाच्या पथकांत हाच कापूस दिसतो. म्हणून हे ठासून सांगितलेलं बरं.

खरा इअरप्लग विकत मिळू लागला तो बर्लिनमध्ये. माक्स नेगवर या औषधविक्रेत्याने १९०७ च्या सुमारास मेण आणि कापूस एकत्र करून मऊ गोळ्या बनवल्या. नाव ठेवलं ‘ओरोपाक्स’ : जर्मन ‘ओर’ म्हणजे कान आणि लॅटिन ‘पाक्स’ म्हणजे शांती. होमरचं मेण औषधाच्या दुकानात आलं! पुढे पहिल्या महायुद्धात या गोळ्या सैनिकांच्या कानांत गेल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी रबरासारख्या पदार्थाचे साच्यातले प्लग निघाले. दाबला की हळूहळू फुगणारा फोमचा प्लग १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत रॉस गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला. आज औषधाच्या दुकानात जो पिवळा किंवा केशरी फोम मिळतो, तो याच कुळातला.

पण हे सगळे प्लग संगीताचे शत्रू. ते वरच्या पट्टीचे आवाज जास्त कापतात आणि खालच्या पट्टीचे कमी. त्यामुळे गाणं गोधडीखालून आल्यासारखं लागतं. १९८८ साली मीड किलियन यांच्या कंपनीने एक वेगळा प्लग बाजारात आणला. त्यात बारीक फिल्टर होता आणि तो सगळ्या पट्ट्यांचे आवाज साधारण सारखेच, सुमारे १५ डेसिबलने, उतरवत होता. गाणं तेच, फक्त हळू. खलाशाचं मेणही नाही आणि धन्याची दोरीही नाही. हाच तो तिसरा मार्ग.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाही. तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून ८५ डेसिबल आठ तास सोसता येत असतील, तर ८८ ला चारच तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला पाव तास. मोठ्या कॉन्सर्टमध्ये, डीजेच्या भिंतीपुढे, ताशाच्या शेजारी १०० हा आकडा सहज ओलांडला जातो. पण नीट बसलेला १५ डेसिबलचा प्लग त्या १०० चे ८५ करतो, म्हणजे पाव तासाचे पुन्हा आठ तास होतात. संपूर्ण मैफल आपली!

मग ‘आरामदायक’ या शब्दाला एवढं महत्त्व का? प्लग टोचतो, कान दुखतो, घामाने सरकतो, शेजारचा काय म्हणतो ते कळत नाही, म्हणून माणूस तो काढतो. समजा प्लग ३० डेसिबल अडवणारा आहे आणि तुम्ही कार्यक्रमाचा निम्मा वेळच तो घातला. प्रत्यक्षात संरक्षण किती मिळालं? पंधरा नव्हे, फक्त तीन डेसिबल. उघड्या कानाच्या त्या निम्म्या वेळेत निम्मी ऊर्जा आत गेलेली असते. तेव्हा सर्वांत जास्त आवाज अडवणारा प्लग सर्वांत चांगला, हा समज सोडला पाहिजे. जो शेवटपर्यंत कानात राहतो तो चांगला. आराम ही इथे चैन नाही, तेच संरक्षण आहे.

निवडायचं कसं? फोमचा प्लग स्वस्त आणि मऊ असतो, पण घालायची रीत आहे. स्वच्छ हातांनी तो वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरायचा. नुसता कानाच्या तोंडाशी टेकवलेला फोम म्हणजे पुन्हा कापसाचा बोळाच. गाण्यासाठी सिलिकोनचा, फिल्टर असलेला प्लग बरा; तो धुऊन पुन्हा वापरता येतो. त्याची टोकं लहान-मोठ्या मापांत येतात. दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असं नाही, म्हणून दोन्ही बाजूंना वेगवेगळी टोकं लावून पाहावीत. बसलाय की नाही हे कसं ओळखायचं? स्वतःचा आवाज घुमल्यासारखा जाड वाटला पाहिजे, आणि मोठ्या आवाजात कानांवर तळवे दाबले तरी फारसा फरक पडता कामा नये. पाकिटावरचा आकडा प्रयोगशाळेतला असतो. प्रत्यक्षात त्याहून कमी धरून चालावं. वादक आणि साउंडवाले यांनी कानाचा साचा घेऊन बनवलेला प्लग घ्यावा. लहान मुलांचे कान अरुंद असतात, त्यांना वरून बसणारे इअरमफ द्यावेत. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावं.

इथवर वस्तूचा इतिहास झाला. आता कायद्याचा, कारण सुरुवातीचा प्रश्न अजून शिल्लक आहे. कारखान्यातल्या कामगारासाठी आपल्याकडे आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. शेजाऱ्यासाठी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत : निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. मुंबईत डॉ. यशवंत ओक, सुमेरा अब्दुलाली यांच्यासारख्या नागरिकांनी वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाची पायरी चढून शांतता क्षेत्रांचा आग्रह धरला. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात सांगितलं, की स्वतःच्या बोलण्याचा हक्क आहे म्हणून दुसऱ्याला बळजबरीने ऐकवता येत नाही. डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सणांतल्या लाउडस्पीकरांबाबत सविस्तर आदेश दिले. हे सगळं मोलाचं आहे.

पण नीट पाहा. लाउडस्पीकरचा आवाज कुठे मोजायचा, तर नियम म्हणतो, त्या जागेच्या हद्दीवर. पहिल्या रांगेत नव्हे. म्हणजे हद्दीबाहेरच्या माणसाला कायदा आहे आणि हद्दीच्या आत उभा असलेला उघडाच आहे. आमच्या गोरेगावातलंच उदाहरण घ्या. द्रुतगती महामार्गालगतचं नेस्को हे मुळात ‘न्यू स्टँडर्ड इंजिनिअरिंग कंपनी’चं संक्षिप्त रूप. जिथे एकेकाळी यंत्रांचा उद्योग होता, तिथे आज प्रदर्शनं, गरबा आणि गाण्याचे कार्यक्रम होतात. यंत्रापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या कानांची जबाबदारी मालकावर असते. स्पीकरकडे पाठ करून रात्रभर उभा राहणारा सुरक्षारक्षक, वायरी ओढणारा पोऱ्या, ताशा वाजवणारी सोळा वर्षांची मुलगी, यांच्या कानांची जबाबदारी कुणावर? ‘हौसेने आलेत’ हे उत्तर श्रोत्याला कदाचित लागू पडेल. रक्षक हौसेने आलेला नाही.

जगात याची उत्तरं शोधली जात आहेत. फ्रान्सने २०१७ च्या हुकूमनाम्याने पाव तासाच्या सरासरीला १०२ डेसिबलची मर्यादा घातली आणि प्रेक्षकांना मोफत इअरप्लग देणं आयोजकांवर बंधनकारक केलं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १०० डेसिबलचं मानक सुचवलं. त्यातही कानांचं संरक्षण आणि विश्रांतीसाठी शांत जागा आहेत. आपल्याकडे जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्ले नवी मुंबई आणि अहमदाबादला आलं, तेव्हा अहमदाबादच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाने मुलांना इअरप्लगशिवाय आत घेऊ नका, अशी नोटीस काढली. लहान गोष्ट वाटेल. पण हद्दीच्या आतल्या कानाचा विचार इथल्या एका सरकारी कागदावर आला, म्हणून आम्ही तिला महत्त्व देतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. इअरप्लग वाटले की आयोजक म्हणतील, आता आवाज हवा तेवढा वाढवू. म्हणून क्रम सोडायचा नाही : आधी आवाज खाली, मग कानात प्लग. प्लग हा आवाज वाढवण्याचा परवाना नव्हे. पण आवाज खाली येईपर्यंत कानाने वाट पाहावी, हेही शक्य नाही. आतल्या कानात जन्मतः हजारो सूक्ष्म केसपेशी असतात आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात ते बारीक, वरच्या पट्टीचे आवाज. ‘स’ आणि ‘फ’ विरतात. समोरच्याचं बोलणं ऐकू येतं, पण कळत नाही, आणि मग माणूस चारचौघांत बसणंच टाळू लागतो. आमच्या वयाच्या मंडळींना हे एकटेपण ठाऊक आहे. ते विशीत विकत घ्यायचं कारण नाही.

तेव्हा विनंती एवढीच. येत्या गणपतीत, नवरात्रात मंडळांनी आणि पथकांनी पाण्याच्या बाटल्या मागवतात तेव्हाच इअरप्लगची पाकिटंही मागवावीत. पहिली जोडी वादकाला, दुसरी रक्षकाला, मग वर्गणीदारांना. आणि तुमच्या घरातलं कुणी कॉन्सर्टला निघालं, तर ‘लवकर ये’ म्हणताना ‘प्लग घेतलेस का?’ हेही विचारा.