शरीरात काय मोजावे : चिखली आणि बुलढाण्याचा अनुभव

मानवी जैवनिरीक्षण म्हणजे रक्त, लघवी, केस यांतील रसायनांचे प्रमाण नियमितपणे मोजणे. अमेरिकेच्या 2001 सालच्या पहिल्या राष्ट्रीय अहवालात अशी 27 रसायने होती, परंतु कोणती मोजावीत हे प्रत्येक देशाला आपल्या शेताकडे आणि ताटाकडे पाहूनच ठरवावे लागते. कापूस-सोयाबीन पिकवणाऱ्या, बुलढाणा जिल्ह्यातील चिखली तालुक्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. डीडीटी हे कीटकनाशक चरबीत वर्षानुवर्षे साचते, त्यामुळे शेतीतील वापर थांबल्यावरही रक्तात त्याचा माग लागतो. याउलट मोनोक्रोटोफॉससारखी फॉस्फरसयुक्त कीटकनाशके काही दिवसांत लघवीवाटे निघून जातात, म्हणून नमुना फवारणीच्या हंगामातच घ्यावा लागतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, तेव्हा अशा कीटकनाशकांमुळे मंदावणाऱ्या कोलिनेस्टरेज या विकराच्या रक्तचाचणीची निकड प्रकर्षाने जाणवली.

याच बुलढाणा जिल्ह्याला मात्र कीटकनाशकांपेक्षा वेगळ्याच घटकाने हादरवले. 2025 च्या प्रारंभी शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस झपाट्याने गळू लागले. तपासणीत सेलेनियम, म्हणजे अत्यल्प प्रमाणात आवश्यक पण अधिक झाल्यास विषारी ठरणारे मूलद्रव्य, रक्तात वाढलेले आढळले, आणि या प्रकरणाचा अभ्यास करणारे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. म्हणून मोजायच्या रसायनांच्या राष्ट्रीय यादीत कीटकनाशकांच्या जोडीला धान्यातून येणारी अशी मूलद्रव्येही घेतलीच पाहिजेत.