बरडावरील शिलावर्तुळे : या मुलखाचा विसरलेला इतिहास

सन १९३५ मध्ये वंदनीय राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला आणि मोझरीचे नाव सर्वदूर झाले. परंतु या मुलखातील मनुष्यवस्ती त्याहून फार प्राचीन आहे. तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर हे रुक्मिणीमातेचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. तेथे डॉ. मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात काळ्या-तांबड्या खापरांची जुनी वस्ती उघडकीस आली. चांदूर बाजार तालुक्यात पूर्णाकाठी फुबगाव येथेही सन २०१८-१९ मध्ये लोहयुगातील घरांचे अवशेष सापडले.

त्याच युगातील लोकांची स्मारके म्हणजे शिलावर्तुळे. वर्धा नदीपलीकडे वर्धा व नागपूर जिल्ह्यांत ती शेकडोंनी आहेत. नागपूरजवळ एकट्या जुनापाणी येथे सुमारे ३०० वर्तुळे असून रिव्हेट-कारनॅक या इंग्रज अधिकाऱ्याने त्यांपैकी काही खोदून पाहिली. पुढे नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा व माहूरझरी येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले.

मृताच्या अस्थी ठेवून भोवती मोठमोठे धोंडे गोलाकार मांडीत व आत माती-गोटे भरून उंचवटा करीत. सोबत लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, मणी व मातीची भांडी ठेवीत. माहूरझरीस तर तांब्याच्या अलंकारांसह घोडाही पुरलेला मिळाला. नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, म्हणजे हे लोक कसबी कारागीर होते. ही वर्तुळे बहुधा खडकाळ बरडावर आढळतात. काळी कसदार जमीन पिकासाठी राखून पूर्वजांना बरडावर विसावा दिला, असे दिसते.

आज मात्र नांगरट, खाणी व बांधकाम यांमुळे अनेक वर्तुळे नाहीशी झाली आहेत. धोंडा एकदा जागचा हलला की त्याचा इतिहासही पुसला जातो. मग तो पुन्हा आणून ठेवला तरी उपयोग नाही.

मंदिराच्या जीर्णोद्धारात देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात, ती पुढच्या पिढीने वाचावीत म्हणून. त्या लोकांजवळ लिपी नव्हती. मांडलेला धोंडा हीच त्यांची नाममुद्रा. तरी बरडावर गोलाकार धोंडे दिसल्यास कोणीही ते पायासाठी वा बांधासाठी उचलू नयेत व तहसील कार्यालयास कळवावे, ही सर्व गावकरी बंधुभगिनींस नम्र विनंती. देवळाचा दगड खाणीतून आणता येतो. पूर्वजांचा दगड कोठूनही आणता येत नाही.