सव्वाचार किलोमीटर सिनेमा

सिनेमाला वजन असतं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. मोबाइलवर बोट टेकलं की सिनेमा हजर. आमच्या लहानपणी तो एस.टी.च्या टपावरून यायचा. पत्र्याच्या पेट्या, त्यांत गोल डबे, डब्यांत रिळं. पेटी खाली उतरवायला दोन गडी लागायचे, आणि त्यांतला एक आमचे अण्णा असायचे. टुरिंग टॉकीजवर ते ऑपरेटर होते.

आमचा खटाव-माणचा मुलूख दुष्काळी. गावात थिएटर नव्हतं, पण जत्रांना तोटा नव्हता. पुसेगावला सेवागिरी महाराजांची जत्रा, पौषात पालच्या खंडोबाचं लग्न, आणि मग चैत्रात गावोगावच्या यात्रा. दिवाळीनंतर तंबू घराबाहेर पडायचा तो वळवाचे ढग दिसले की परतायचा. ट्रकच्या हौद्यातच प्रोजेक्टर बसवलेला. समोर पडदा, मधे दोरी; दोरीच्या अलीकडं बाया, पलीकडं बाप्ये. 'पिंजरा' आला 1972 साली, 'माहेरची साडी' 1991 साली. पण आमच्या तंबूत दोन्ही वर्षानुवर्षं नवेच होते.

सिनेमाच्या एका फुटात सोळा चित्रं असतात आणि सेकंदाला चोवीस चित्रं पळतात. म्हणजे हजार फुटांचं एक रीळ अकरा मिनिटांत संपतं. चौदा रिळांचा सिनेमा पसरला तर सव्वाचार किलोमीटर भरेल. आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंत जाईल. हे सगळं अंतर अण्णांच्या बोटांतून जायचं. रीळ संपलं की हातानं उलटं गुंडाळायचं, तुटलं की ब्लेडनं खरवडून सांधायचं. दिव्यात दोन कार्बनच्या कांड्या जळायच्या. त्या झिजतील तशा पुढं सारायच्या, नाहीतर पडद्यावरचा नायक काळोखात जायचा. आणि फिल्म अडकली तर दिव्याच्या धगीनं ते चित्र पडद्यावरच वितळताना दिसायचं. पब्लिक शिट्ट्या मारायचं. अण्णा मुकाट्यानं जळका तुकडा कापून टाकायचे.

अशी दर सांध्याला दोन-चार चित्रं जायची. प्रिंट आमच्याकडं यायची तीच शहरं आणि तालुके फिरून, झिजून. मग आमच्या जत्रांतून आणखी कापाकापी. एका सिनेमात लग्नाच्या अक्षता पडल्या की पुढच्याच क्षणी नायिका पांढऱ्या लुगड्यात दिसायची. मधलं काय झालं ते आम्ही आपापल्या मनानं भरून घ्यायचो.

2010 नंतर वारं फिरलं. शहरात थिएटरांतून उपग्रहानं सिनेमे उतरायला लागले. 2012 च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळं जाहीर केलं, आणि फुजीनं 2013 मध्ये सिनेमाची फिल्म बनवणं थांबवलं. नव्या सिनेमाची प्रिंट निघेनाशी झाली. आमच्या मालकांसमोर दोनच वाटा राहिल्या. जुन्या रिळांवर जत्रा रेटायच्या, नाहीतर कर्ज काढून डिजिटल मशीन घ्यायचं.

त्यावरून अण्णांचा आणि मालकांचा तंबूमागं चांगलाच वाद झाला.

"डब्बा घेतला म्हंजे शिनेमा आपला व्हतोय व्हय?" अण्णा म्हणाले. "प्रत्येक खेळाला वरनं परवानगी. ती न्हाय आली तर पब्लिकला काय देवाची आरती दावणार?"

"आन् रीळ तरी कुठं आपलं व्हतं, अण्णा?" मालक म्हणाले. "ते बी भाड्याचंच."

दोघांचंही खरं होतं. पण अण्णांचा एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही. रीळ हातात घेऊन सूर्याकडं धरलं की चित्र दिसतं. वीज नको, मशीन नको. डिस्क उजेडाला धरली तर आपलंच तोंड दिसतं.

मालकांनी मशीन घेतलं. पहिल्या खेळाला माझी आई गेली होती. तोच अक्षता आणि पांढऱ्या लुगड्याचा सिनेमा. मधला अख्खा संसार, एक गाणं आणि नवऱ्याचं मरण तिनं पहिल्यांदाच पाहिलं. घरी येऊन म्हणाली, "एवढं व्हतं व्हय ह्यात! इतकी वर्षं उगंच तिला नावं ठिवली." अण्णा काही बोलले नाहीत.

हातात धरता येतं म्हणून टिकतं, असंही नाही. आपल्याकडं 1300 च्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले अगदी थोडे उरले. 1931 चा पहिला बोलपट 'आलम आरा', त्याची एकही प्रत आज सापडत नाही. फिल्मच्या थरात चांदी असते. ती काढायला कितीतरी रिळं मोडीत गेली. जुनी नायट्रेटची फिल्म तर स्फोटक. 2003 च्या जानेवारीत पुण्यात अशा साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या काळातला मोलाचा ठेवा जळाला. नंतरच्या ॲसिटेटच्या फिल्मला आग लवकर लागत नाही, पण ती आंबते. डबा उघडला की शिर्क्याचा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते.

हा वास आमच्या माळवदावर आहे. मालकांनी रिळं किलोवर भंगारात घातली तेव्हा अण्णांचा चार महिन्यांचा पगार थकला होता. त्या बदल्यात त्यांनी एक पेटी मागून घेतली. एका तमाशापटाची, चौदा रिळं. आई दोन दिवस बोलली नाही. पेटीवर भाकरी भाजता येत नाही, हे तिचं म्हणणं.

तोच सिनेमा आता माझा पुतण्या फोनवर फुकट बघतो. अखंड, स्वच्छ. बघायचा असेल तर मीही तिथंच बघतो. त्यात आडमुठेपणा कशाला? पण फोनवरचा सिनेमा कुणीतरी तिकडं ठेवलाय तोवरच आहे. एक दिवस काढला तर आपल्याला कळणारही नाही. आमची पेटी कुणी न कळत काढून नेऊ शकत नाही.

पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथं पेटी द्यावी, ते गारव्यात ठेवतील, असं मी अण्णांना सुचवलं. त्यांनी हो-नाही केलं नाही. दुसऱ्या दिवशी माळवदावर चढून एकेक डबा उघडला, सावलीत वारा दिला, आणि प्रत्येकावर चिठ्ठी डकवत बसले. ती पेटी ज्याच्या हाती जाईल त्याला काय माहीत असायला हवं, ते त्यांनी शिसपेन्सिलीनं लिहिलंय. सातव्या डब्यावर आहे : "सुरवातीला तीन फूट कमी. पालची जत्रा. कार्बन संपला होता."

तीन फूट म्हणजे दोन सेकंद.