रेल्वे इंजिनाच्या तळाची ढाल : कॅटल गार्डची निवड आणि बसवणी

रेल्वेच्या इंजिनासमोर, बफरच्या खाली आणि रुळांपासून जेमतेम वीतभर उंचीवर पोलादाचा एक जाड पत्रा नांगराच्या फाळासारखा बसवलेला असतो. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशाचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही. रेल्वेच्या बोलीत त्याला 'कॅटल गार्ड' म्हणतात. रुळांवर आलेले जनावर, दगड अथवा झाडाची फांदी चाकांखाली जाऊ न देता बाजूला लोटणे, हे त्याचे काम.

या पत्र्याचा आराखडा आणि त्याची देखभाल या दोन्ही बाबींशी लखनौ शहराचा निकटचा संबंध आहे. उत्तर रेल्वेचे डिझेल इंजिन शेड शहराच्या आलमबाग भागात असून, भारतीय रेल्वेची मानके ठरवणारी 'आरडीएसओ' ही संस्था त्याला लागूनच असलेल्या मानकनगर येथे आहे. १९३० मधील केंद्रीय मानक कार्यालय आणि १९५२ मधील रेल्वे चाचणी व संशोधन केंद्र यांचे एकत्रीकरण होऊन १९५७ मध्ये ही संस्था स्थापन झाली. आराखडा ठरवणारे आणि पाना हाती घेऊन तो प्रत्यक्षात आणणारे इतके शेजारी असणे, हे तसे दुर्मीळच.

अशा संरक्षक पत्र्याची कल्पना १८३० च्या दशकात अमेरिकेत रुजली. तेथील लोहमार्ग कुंपणाविना मोकळ्या कुरणांतून जात असल्याने जनावरांशी टक्कर ही नित्याची बाब होती. भारतातील परिस्थितीही फारशी वेगळी नव्हती व आजही अनेक मार्गांवर ती तशीच आहे.

धोका केवळ जनावराला असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती पुरेशी नाही. इंजिनाच्या तळाशी अनेक नाजूक भाग उघडे असतात. पुढील बाजूस ब्रेकच्या हवेच्या रबरी नळ्या लोंबत असतात. चाकांजवळ वाळू सोडणाऱ्या नळ्या व ब्रेकचे दांडे असतात. आसाला टांगलेल्या ट्रॅक्शन मोटरींचे गिअर केस तर रुळांच्या फारच जवळ असतात. जनावराचे धूड खाली घुसून गिअर केस फुटले, तर वंगण गळून जाते आणि पुढे दातेरी चाके झिजू लागतात. ब्रेकची नळी तुटली, तर तिच्यातील दर चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम दाबाची हवा निघून जाते व गाडी जागीच थांबते. ही व्यवस्था सुरक्षिततेसाठीच केलेली आहे. परंतु थांबलेली गाडी हाही एक धोका असू शकतो.

२० ऑगस्ट १९९५ च्या पहाटे उत्तर प्रदेशातील फिरोजाबादजवळ याचा भीषण प्रत्यय आला. कानपूरहून दिल्लीकडे निघालेली कालिंदी एक्स्प्रेस रुळांवर आलेल्या जनावराला धडकली व ब्रेक यंत्रणेत बिघाड होऊन थांबली. त्याच मार्गावर मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्स्प्रेसला पुढे जाण्याची परवानगी मिळाली आणि ती उभ्या गाडीवर आदळली. साडेतीनशेच्या आसपास प्रवाशांचा मृत्यू झाला. मूळ दोष संकेत देण्यातील चुकीचा होता, हे निर्विवाद. मात्र घटनांची साखळी सुरू झाली ती जनावराच्या धडकेपासून.

स्कॉटलंडमधील पोलमाँट येथील दुर्घटना वेगळ्या प्रकारची होती. ३० जुलै १९८४ रोजी एडिंबराहून ग्लासगोकडे जाणाऱ्या गाडीचे इंजिन मागे असून पुढे चालकाची खोली असलेला हलका डबा होता. गायीला धडकून हा डबाच रुळांवरून उतरला आणि १३ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथील अशा डब्यांच्या पुढे अडथळा दूर सारणारे पत्रे बसवण्यात आले. जड इंजिन पुढे असताना जे जनावर चिरडले जाते, तेच हलका डबा पुढे असेल तर त्याला उचलून बाहेर फेकू शकते, हे त्या अपघाताने दाखवून दिले.

कॅटल गार्ड आणि रेल गार्ड यांच्यात अनेकदा गल्लत केली जाते. कॅटल गार्ड रुंद असतो व इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला जोडलेला असतो. रेल गार्ड म्हणजे पहिल्या चाकांच्या पुढे, प्रत्येक रुळाच्या बरोबर वर येणारे अरुंद पोलादी पाय. ते बोगीच्या चौकटीला बसवतात. सांगाडा स्प्रिंगांवर डोलत असल्याने कॅटल गार्डला खाली-वर होण्यास अधिक मोकळीक ठेवावी लागते. तसेच तो चाकांच्या बराच पुढे असल्याने वळणावर रुळांच्या एका बाजूला सरकतो. त्यामुळे रुळावरील लहानसहान वस्तू दूर करण्याचे काम रेल गार्डकडे सोपवलेले असते.

निवडीचा प्रश्न वरवर सोपा भासतो : पत्रा जितका जाड, तितका चांगला. प्रत्यक्षात तसे नाही. पत्रा मागे दुमडून रुळाला टेकला किंवा तुटून चाकाखाली गेला, तर ज्या अपघातापासून वाचवायचे तोच अपघात हा पत्रा घडवून आणील. म्हणून पत्र्यापेक्षा त्यामागील आधारपट्ट्या, वेल्डिंगचे सांधे आणि बोल्ट यांना अधिक महत्त्व द्यावे लागते. नांगरासारख्या आकाराचे कारणही हेच. सपाट पत्र्यावर धडकेचा सगळा जोर समोरून येतो, तर तिरप्या पत्र्यावर तो बाजूला वळवला जातो.

बसवणीत सर्वांत किचकट बाब आहे उंचीची. डिझेल इंजिनाचे नवे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे असते. धावून आणि वेळोवेळी कातून ते झिजत जाते व १,०१६ मिलिमीटरवर बाद ठरते. म्हणजे चाकाच्या आयुष्यात इंजिन एकूण ३८ मिलिमीटर खाली बसते आणि त्याच्याबरोबर कॅटल गार्डही. नव्या चाकांवर योग्य उंचीला लावलेला पत्रा जुन्या चाकांवर रूळ ओलांडणीच्या ठिकाणी घासू शकतो. उलट जुन्या चाकांनुसार लावलेला पत्रा चाके बदलल्यावर इतका वर जातो की, पडलेले वासरू त्याखालून आत सरकेल. चाके कातली अथवा बदलली की कॅटल गार्ड व रेल गार्डची उंची पुन्हा मोजणे आवश्यक असते ते यासाठीच.

मोजमाप सरळ व सपाट रुळावर, दोन्ही टोकांना आणि डाव्या-उजव्या बाजूंना स्वतंत्रपणे घ्यावे लागते. एका बाजूची स्प्रिंग थकलेली असेल, तर पत्रा तिरका दिसतो. अशा वेळी पत्रा सरळ करण्याऐवजी स्प्रिंग तपासणे शहाणपणाचे. इंधनाचाही परिणाम होतो. जुन्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाच्या टाकीत ५,००० लिटर डिझेल मावत असे, म्हणजे चार टनांहून अधिक भार. रिकाम्या टाकीने मोजलेली उंची त्यामुळे फसवी ठरते.

धडक झाल्यावर लोको पायलटने थांबून पत्रा, नळ्या व चाकांच्या पुढील भाग पाहणे अपेक्षित असते. पत्रा थोडा वाकला असला तरी शेडमध्ये त्याचे बोल्ट व सांधे तपासावे लागतात, कारण तडा अनेकदा वाकलेल्या जागी नसून मागील आधारपट्टीत असतो.

वेगवान गाड्यांनी या प्रश्नाला नवे वळण दिले. ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई सेंट्रल-गांधीनगर वंदे भारत एक्स्प्रेस अहमदाबादजवळ वटवा व मणिनगर दरम्यान म्हशींच्या कळपाला धडकली आणि तिच्या पुढील नाकाडाचे आवरण तुटले. आवरण हलक्या संमिश्र पदार्थाचे असल्याने ते लवकर बदलता आले. म्हशींच्या मालकांविरुद्ध रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही नोंदवण्यात आला. त्यानंतर मुंबई-अहमदाबाद मार्गावर रुळांच्या कडेने धातूचे कठडे उभारण्याचे काम पश्चिम रेल्वेने हाती घेतले.