ओल्या पाहुण्यांचा निवारा : यूथ हॉस्टेलचा पूर्वेतिहास

पश्चिम जर्मनीतील आखेन येथे शिकणारे परदेशी विद्यार्थी, ज्यांत आज पुण्या-मुंबईहून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी गेलेल्यांचाही भरणा आहे, शनिवार-रविवारी आसपासच्या आयफेल डोंगररांगांत भटकायला निघतात तेव्हा पाऊस त्यांनी बहुधा गृहीतच धरलेला असतो आणि मुक्कामासाठी यूथ हॉस्टेलची स्वस्त खाट शोधलेली असते. या दोन गोष्टींचा संबंध वरवर वाटतो त्याहून जुना आहे. अशा निवाऱ्यांची चळवळ ज्या पदयात्रेतून उभी राहिली ती आखेनकडेच निघाली होती आणि तिची वाट पावसानेच अडवली होती; मात्र ते पदयात्री महाविद्यालयीन विद्यार्थी नव्हते.

विद्यार्थ्यांची सोय त्याआधीच झाली होती. बोहेमियातील होहेनएल्बे, म्हणजे आजच्या चेकियातील व्रख्लाबी, या गावचे उद्योजक गीडो रोटर यांनी १८८४ मध्ये सुट्टीत डोंगर भटकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी निवारे सुरू केले. त्यांचा लाभ वरच्या शाळांत आणि विद्यापीठांत शिकणाऱ्यांना, म्हणजे मुख्यतः सुस्थितीतील घरांतल्या मुलांना मिळे. गिरणी-खाणीतील मजुरांची मुले ज्या प्राथमिक लोकशाळांत शिकत, त्यांचा विचार या व्यवस्थेत नव्हता.

तो विचार केला रिखार्ड शिरमान या शिक्षकाने. गेल्सेनकिर्खेनच्या कोळसापट्ट्यात शिकवताना वर्गाबाहेर, रानात नेऊन शिकवण्याची पद्धत त्यांनी धरली होती. पुढे ते तारा ओढण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या आल्टेना या गावी आले. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते विद्यार्थ्यांना घेऊन आल्टेनाहून आखेनकडे पायी निघाले असता २६ तारखेला ब्र्योल नदीच्या खोऱ्यात वादळी पावसाने त्यांना गाठले. अखेर सुट्टीमुळे रिकाम्या असलेल्या एका शाळेची खोली मिळाली आणि जमिनीवर पेंढा पसरून मुले झोपली. विजा कडाडत असताना जाग्या राहिलेल्या शिरमान यांना त्याच रात्री कल्पना सुचली की, सुट्टीत ओस पडणाऱ्या शाळाच जर दर दिवसाच्या चालीच्या अंतरावर रात्रीचे निवारे झाल्या, तर गरीब मुलांनाही देश पाहता येईल. चळवळीच्या साहित्यात ही रात्र इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिला उत्पत्तिकथेचे रूप आले आहे. रोटर यांचा पंचवीस वर्षांचा प्रयोग तिच्या छायेत झाकला गेला, हे मात्र न्याय्य म्हणता येत नाही. शिरमान यांचे श्रेय निवाऱ्याचा शोध लावण्यात नाही, तो कोणासाठी उघडा असावा हे बदलण्यात आहे.

पहिला प्रयोग त्यांच्या स्वतःच्या शाळेत झाला आणि पुढे आल्टेनाच्या मध्ययुगीन किल्ल्यात कायमचे हॉस्टेल आले. जाड लाकडाच्या तीन मजली खाटा असलेली त्याची मूळ दालने आज संग्रहालय म्हणून जपलेली आहेत. जुने किल्ले वापरण्याची ही प्रथा टिकली. आखेनजवळच्या मॉनशाउच्या किल्ल्यातही असेच हॉस्टेल थाटले गेले. इमारत कोणतीही असो, पाहुणा पायी आणि ओलाचिंब येणार हे धरून तिची रचना होई, म्हणून कपडे-बूट वाळवण्याची गरम खोली हा तिचा आवश्यक भाग ठरला. अंथरुणासाठी चादरीची शिवलेली पिशवी पाहुण्याने बरोबर आणायची, घोंगडी हॉस्टेलने द्यायची आणि व्यवस्था 'हेर्बेर्ग्सफाटर', म्हणजे निवाऱ्याचा कुटुंबप्रमुख मानला जाणारा व्यवस्थापक आणि त्याची पत्नी यांनी पाहायची, असा शिरस्ता पडला.

१९३० मध्ये इंग्लंड-वेल्समध्ये अशीच संघटना निघाली, एका रात्रीचा दर एक शिलिंग ठेवला गेला, आणि १९३२ मध्ये अॅमस्टरडॅम येथे अनेक युरोपीय देशांच्या संघटना एकत्र आल्या. जर्मनीत मात्र १९३३ नंतर ही हॉस्टेले हिटलर युवा संघटनेच्या ताब्यात गेली आणि शिरमान यांना बाजूला सारण्यात आले.

या संस्थेचा सर्वांत विचित्र नियम दिवसाच्या टाळेबंदीचा होता. सकाळी झाडलोट किंवा भांडी असे नेमून दिलेले काम उरकले की सर्वांनी बाहेर पडायचे आणि दार संध्याकाळी उघडायचे. ज्या संस्थेचा जन्म पावसातून झाला ती आपल्या पाहुण्यांना पावसात काढून देई. चालण्याची शिस्त लागावी हा हेतू त्यामागे होता, आणि इंग्लंडमध्ये मोटारीने येणाऱ्यांना बराच काळ प्रवेशच नव्हता, तोही त्याच भूमिकेतून.

ही शिस्त नियमांपेक्षा रेल्वेने मोडली. १९७२ मध्ये एकवीस वर्षांखालील तरुणांसाठी एकवीस देशांत महिनाभर चालणारा इंटररेल पास निघाला, १९८७ मध्ये इरॅस्मस ही विद्यार्थी-विनिमय योजना आली, आणि १९९५ मध्ये जर्मन रेल्वेने सुरुवातीला पंधरा मार्कांचे शनिवार-रविवारचे तिकीट काढले, ज्यावर पाच जणांना थांबत जाणाऱ्या गाड्यांतून देशभर फिरता येई. पाच विद्यार्थ्यांनी वाटून घेतले की माणशी तीन मार्क पडत, त्यामुळे गाडी बदलत, फलाटावर ताटकळत जाणे परवडत असे. पायी येणाऱ्या शाळकरी मुलांसाठी बांधलेल्या खाटांवर आता गाडीने येणारे परदेशी विद्यार्थी झोपू लागले, कामाची वाटणी आणि दिवसाची टाळेबंदी हळूहळू सुटली. बायर्नमध्ये तर सव्वीस वर्षांची वयोमर्यादा त्यानंतरही काही वर्षे कायम राहिली, आणि पदव्युत्तर शिक्षणासाठी उशिरा आलेल्यांना तेथे दुसरी जागा शोधावी लागे.