जबड्याची सूज आणि आफ्रिकेचा नकाशा

वाशिंद-शहापूरकडच्या वर्गात तोंडाच्या कर्करोगाचा विषय निघाला, की आम्ही शिक्षक मशेरी, तंबाखू, गुटखा यांवर बोलतो. ते योग्यच आहे. पण तंबाखूला हातही न लावलेल्या मुलाच्या जबड्यात एक वेगळा कर्करोग दिसू शकतो, हे सांगायचे राहून जाते. तो तोंडाच्या अस्तराचा नसतो. रोगाशी झुंजणाऱ्या लसीकापेशींचा असतो. त्याला लिम्फोमा म्हणतात. त्याच्या एका प्रकाराचा शोध कसा लागला, ते पाहू.

१९५७ साल. युगांडातील कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डॉ. ह्यू ट्रॉवेल यांनी शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना पाच वर्षांचा एक मुलगा दाखवला. वरचा आणि खालचा, दोन्ही जबडे दोन्ही बाजूंनी सुजलेले, दात हलणारे. जंतुसंसर्ग म्हणावा, तर चारही ठिकाणी एकदम कसा? गाठ म्हणावी, तरी तीच अडचण. थोड्याच आठवड्यांनी जिंजा येथील रुग्णालयाच्या खिडकीतून बर्किट यांना तशाच चेहऱ्याचे आणखी एक मूल दिसले. मग त्यांनी जुन्या नोंदी उपसल्या. अशा मुलांच्या मूत्रपिंडांत, यकृतातही गाठी सापडत होत्या. वेगवेगळ्या नावांनी नोंदलेला रोग मुळात एकच होता! १९५८ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला. तो लिम्फोमा आहे हे पुढे ग्रेगरी ओकॉनर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले.

बर्किट यांचा एक डोळा लहानपणीच अपघातात गेला होता. पण रुग्णाबरोबरच त्याचा मुलूखही पाहण्याची दृष्टी त्यांच्याकडे होती. गाठींची छायाचित्रे छापून त्यांनी आफ्रिकाभरच्या रुग्णालयांना पाठवली आणि उत्तरे नकाशावर मांडली. १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांसह जुन्या मोटारीतून सुमारे १०,००० मैल फिरून रोगाच्या सीमा तपासल्या. रोग उष्ण, पावसाळी, सखल भागात होता. थंड डोंगराळ भागात नव्हता. भूगोलाच्या शिक्षकांना हा पुरावा विशेष आवडावा.

त्याच वर्षी लंडनमध्ये बर्किट यांचे व्याख्यान ऐकून अँथनी एप्स्टाइन यांना विषाणूची शंका आली. कंपालाहून विमानाने गाठींचे नमुने येऊ लागले. १९६४ मध्ये एप्स्टाइन, बर्ट अचाँग आणि इव्हॉन बार यांनी त्या पेशींत नवा विषाणू पाहिला. तो लाळेतून पसरतो आणि बहुतेक माणसांत निमूट राहतो. मग रोग त्याच पट्ट्यात का? वारंवार होणाऱ्या हिवतापामुळे मुलांचे शरीर त्याला आवरू शकत नाही, असे पुढे दिसून आले.

कंपालात किरणोपचार नव्हते, म्हणून बर्किट यांनी नव्या औषधांचा आधार घेतला. काही मुलांच्या गाठी अक्षरशः विरघळल्या. त्याच कंपालात काम केलेले इयन मॅग्रॅथ पुढे अमेरिकेत गेले, आणि १९८४ पासून त्यांनी परळच्या टाटा रुग्णालयातील सुरेश अडवाणी आणि चेन्नई, दिल्ली येथील डॉक्टरांबरोबर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी व लिम्फोमासाठी उपचारांची पद्धत बसवली.

आपल्याकडे हा रोग विरळा, आणि जबड्यापेक्षा पोटात अधिक दिसतो. इतर लिम्फोमा टॉन्सिल, हिरडी किंवा टाळूवर न दुखणारी सूज होऊन येतात. सातव्या वर्षी दुधाचे दात हलणारच. पण कीड नसताना दाढा सैल होणे, दात काढल्यावरची जागा न भरणे, प्रतिजैविके देऊनही गालाची सूज वाढत जाणे, यांपैकी काही दिसले तर मुलाला दोन आठवडे थांबवून न ठेवता डॉक्टरांकडे पाठवावे. हा रोग फार झपाट्याने वाढतो, आणि वेळेवर औषध मिळाले तर बराही होतो.